तीन कोटेशनं

"क्या साब, रोज आरे, देखरे, जारे. लेरे कब?" मोइननं काउंटरवर मांडलेली खोकी एकेक करून परत शेल्फात ठेवायला सुरुवात केली.

हिम्मतरावांनी मान वर केली नाही. ते मांडीवरच्या फायलीत काहीतरी लिहीत होते. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधलं ते दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेरूनच बोलावं. त्यात हिम्मतरावांनी एकुलतं एक स्टूल अडवलेलं. दुपारचे तीन वाजलेले, रमजानचे शेवटचे दिवस आणि मोइनच्या तोंडात पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. तरी तो चिडला नाही, हे त्याचं मोठेपण.

"ये जो बोले ना तुम, वो लेटरहेड पे लिखके देव," हिम्मतराव म्हणाले. "मॉडल, स्पीड, वारंटी. नीचे सही और शिक्का."

"एक डीव्हीडी रायटर के वास्ते कोटेशन?" मोइन हसला. "साब, इत्ता तो मेरी शादी में किसी ने नहीं पूछा."

डीव्हीडी रायटर म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात बसणारी, जाड डिक्शनरीएवढी पेटी. तिच्यात कोरी चकती सरकवली की कॉम्प्युटरमधलं चित्र आणि आवाज चकतीवर उतरतात. दोन हजार पाच साली हैदराबादेत त्या गल्लोगल्ली मिळत होत्या. लोक भाजी घ्यायला निघाल्यासारखे जात आणि घेऊन येत. हिम्मतरावांना मात्र विश्वासाची हवी होती आणि परवडणारी हवी होती, आणि या दोन गोष्टी एका खोक्यात असल्याचा लेखी पुरावा हवा होता. कोरियन रायटर स्वस्त होता. तैवानी वेगवान होता, पण त्याची वॉरंटी दुकानदाराच्या तोंडावर. जपानी सगळ्यात चांगला असं सगळेच म्हणत, पण तो खालच्या मजल्यावरच्या एकाच दुकानात मिळे आणि तिथला मालक दिवाळीची पूजा आटोपून गावाला जायच्या तयारीत होता.

"अर्जंट है क्या?" मोइननं विचारलं. "अर्जंट है तो तुम्हारा डब्बा उठाके इदर लाव. मेरी मशीन पे कॉपी मारके देताउं. एक घंटे का काम. रायटर बाद में लेते रहो आरामसे."

हिम्मतरावांचं पेन थांबलं.

"नक्को," ते म्हणाले. "घर की चीज है."

मोइननं खांदे उडवले, लेटरहेडचं पॅड काढलं आणि लिहून दिलं. हिम्मतरावांनी शिक्का नीट उमटला आहे का ते उजेडात धरून बघितलं, कागद फायलीत लावला आणि घरी जायला चिक्कडपल्लीची बस धरली.

हिम्मतराव वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यांचा राग येणार आहे. मलाही येतो.

घरची चीज म्हणजे जयवंताबाईंचा आवाज.

जयवंताबाई त्यांची बायको. जामबागेतल्या मराठी शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं शिकवलं. उदगीरकडून, बीदरकडून आलेल्या लोकांची पोरं. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, मैदानात उर्दू. अशा पन्नास पोरांना गप्प करायची बाईंची एक रीत होती. डस्टर टेबलावर तीनदा आपटायचं, ठक, ठक, ठक. ओरडायचं नाही. तिसऱ्या ठोक्याला वर्ग चिडीचूप होई, कारण त्यानंतर बाई गोष्ट सांगायला सुरुवात करत. घरातही तेच. मुलगी ऋचा लहानपणी झोपेना झाली की पलंगाच्या कडेवर बांगडी तीनदा वाजे.

त्या वर्षी उन्हाळ्यात बाईंचा आवाज बसला तो बसलाच. सुंठ झाली, ज्येष्ठमध झाला, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हिम्मतरावांच्या भाच्याला, आदित्यला, बोलावून घेतलं. आदित्य पुण्याचा, इथं हायटेक सिटीत नोकरीला.

"ऋचाला दिवस गेलेत," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तिच्या लेकराला मी काय देणार आता? लिहून ठेवले असते की रे, पण त्या पोरीला मराठी कुठं वाचायला येतंय! आपणच घातलं की इंग्लिश शाळेत. दुसऱ्याची पोरं शिकवली अन् आपली राहिली. तू माझं बोलणं भरून घे."

आदित्यनं मित्राचा कॅमेरा आणला. सोळा संध्याकाळी बाई खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसल्या. दर संध्याकाळी खुर्चीच्या हातावर तीन ठोके, आणि मग गोष्ट. अंगाई, उखाणे, ऋचा पहिल्यांदा कशी चालली ते, पुरणाला डाळ किती शिजवायची ते. आवाज फाटत होता, मध्येच पाणी प्यावं लागे, पण सोळाव्या दिवसापर्यंत त्या बोलल्या. कॅमेऱ्याच्या टेपा दोनच होत्या, त्याही पुसून परत द्यायच्या, त्यावरच पुन्हा पुन्हा भरायचं, म्हणून रोज रात्री आदित्य सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून टाकी.

नंतर ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आणि त्यावर मलमलीचा रुमाल घेऊन बाई घरी आल्या. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यात दाखवलं होतं. त्यातून निघालेला खरखरता आवाज ऐकून बाईंनी मान हलवली आणि ते परत दिलं. त्यांनी शाळेतली जुनी पाटी काढली. जे काय बोलायचं ते त्या पाटीवर.

आदित्यला गणपतीच्या आधी चार दिवसांच्या नोटिशीवर कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. जाताना तो म्हणाला, "मामा, डिस्क जुनी आहे हं. सगळं त्या एका ठिकाणीच आहे. आपल्या मशीनला साधा सीडी रायटरसुद्धा नाहीये. एक डीव्हीडी रायटर घ्या आणि दोन-दोन कॉप्या काढा. कुठलाही चालेल, मामा. फक्त उशीर नको."

कुठलाही चालेल! हिम्मतरावांच्या आयुष्यात 'कुठलाही चालेल' हे वाक्य कधी चाललं नव्हतं.

ते एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं होते. टाचणी घ्यायची असो नाहीतर बॉयलर, तीन कोटेशनं, तुलनेचा तक्ता, साहेबांची सही. त्यांच्या शेजारच्या टेबलावर अरविंद बसायचा. एकदा कारखान्याची पाण्याची मोटर जळाली, भर मे महिना, हजार माणसं तहानलेली. साहेब म्हणाले, आण बाबा कुठूनही. अरविंदनं तासाभरात एका दुकानातून मोटर आणली. त्या दिवशी सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. दोन वर्षांनी ऑडिट आलं तेव्हा साहेब म्हणाले, मी असं काही सांगितलंच नव्हतं. सात वर्षं चौकशी चालली. अरविंद सुटला खरा, पण तोवर त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि तो स्वतःशीच बोलायला लागला होता. दुसऱ्याचं तोंड पोळलेलं बघून हिम्मतराव ताक फुंकून प्यायला शिकले. पुढं वारं बदललं, सरकारनं कारखाना विकायला काढला, पोरं हायटेक सिटीत जाऊ लागली आणि हिम्मतराव व्हीआरएस घेऊन घरी बसले. एकतीस वर्षांत आपल्या नावावर ऑडिटचा एक शेरा नाही, हे वाक्य ते आल्यागेल्याला चहाच्या आधी ऐकवत.

घरी आल्यावर त्यांच्या हाताला खरेदी करायला काही उरलं नव्हतं. आणि आता हे एवढं मोठं काम आलं. जयवंताचा आवाज ज्याच्यावर उतरायचा तो रायटर. त्यात चूक होऊन चालणार नव्हती. त्यांचं प्रेम होतं हो बायकोवर. पण त्या माणसाला प्रेम करायची ती एकच रीत येत होती, आणि तिला तीन कोटेशनं लागत.

पितृपक्ष लागला, म्हणून पंधरा दिवस नवी वस्तू घ्यायची नाही. मग दसरा. मग चौकशीला सुरुवात.

कोटेशन घेऊन ते घरी आले तेव्हा बाई कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या. त्यांनी पाटी पुढं केली.

'टिकटिक करतंय.'

"जुनं झालंय. पंख्यात धूळ गेली असेल की," हिम्मतराव चप्पल काढत म्हणाले. "दोन कोटेशनं झाली बघ. आता एकच राहिलंय."

बाईंनी पाटी पुसली, लिहिलं, 'कोणताही आणा की.'

"असं कसं कोणताही? उद्या बिघडला म्हणजे? हलक्या रायटरवर काढलेली चकती दोन वर्षांत कोरी होती म्हणायलेत. मग ऋचाच्या लेकराला काय दाखवणार?"

बाईंनी पाटी पुन्हा पुसली. मग लिहिलं, 'दोन वर्षं पुष्कळ आहेत.'

"उगं घाई करायलीस तू," हिम्मतराव म्हणाले आणि फाइल कपाटात ठेवायला आत गेले.

एक गोष्ट त्यांनी बाईंना सांगितली नाही. दुपारी बाईंचा डोळा लागला की ते हळूच कॉम्प्युटर लावत, कानाला हेडफोन घालत आणि एखादी संध्याकाळ उघडत. गेल्या आठवड्यात आंधळ्या म्हातारीची गोष्ट चालू असताना बाई 'मग म्हातारी म्हणाली' एवढं म्हणाल्या आणि तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजल्या. डब्यातून टिकटिक ऐकू आली. अर्ध्या मिनिटानं बाई पुढं बोलू लागल्या. पुढं चालू झालं म्हणजे ठीक आहे, असं हिम्मतरावांनी ठरवलं. भीती वाटली की माणूस आपल्याला येतं तेच आणखी जोरात करतो. त्यांनी कच्च्या तक्त्यात 'विक्रीपश्चात सेवा' असा एक रकाना वाढवला.

दिवाळी झाली, ईद झाली. खालच्या मजल्यावरचा मालक गावाहून यायला आणखी आठ दिवस गेले. अखेर तिसरं कोटेशन आलं. रविवारी हिम्मतरावांनी फूटपट्टी घेऊन फुलस्केपवर तक्ता आखला. तीन दुकानं, अकरा रकाने. अक्षर मोत्यासारखं. सगळा विचार करून कोरियन रायटर ठरला, म्हणजे मोइननं पहिल्याच दिवशी हातात दिलेला. त्यांनी खाली 'शिफारस' लिहून सही केली आणि तक्ता बाईंसमोर धरला.

"मंजुरी दे," ते हसून म्हणाले. फार दिवसांनी हसले.

बाईंनीही हसून सही केली. हे मला सांगायलाच हवं. त्या हसल्या होत्या.

सोमवारी सकाळी ते रायटर आणायला गेले. परत येताना तसंच पुढं कोठीच्या बाजारात जाऊन त्यांनी चकत्यांसाठी लिहायचं बारीक पेन घेतलं आणि बसमध्ये मनातल्या मनात नावं ठरवली. 'जयवंता, संध्याकाळ पहिली.' असं सोळापर्यंत.

दार उघडंच होतं. बाई कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि पाटी मांडीवर होती. ते आल्या आल्या काम सुरू करता यावं म्हणून बाईंनी कॉम्प्युटर आधीच लावून ठेवला होता. पडदा काळा होता, त्यावर इंग्रजीत पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. डब्यातून टिकटिक येत नव्हती. एक खरवडल्याचा आवाज येत होता आणि थांबत होता.

'चालू होईना,' पाटीवर लिहिलं होतं.

हिम्मतरावांनी बटण बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद केलं. देवापुढं उदबत्ती लावली, दहा मिनिटं थांबले, पुन्हा चालू केलं. मग त्यांनी डबा चादरीत गुंडाळला, रिक्षा केली आणि तसेच सिकंदराबादला गेले.

मोइननं डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. मग कानाशी धरली. बराच वेळ धरली.

"साब," तो म्हणाला, "ये गई."

"देखो ना जरा. अभी कल तक चलरी थी."

"सुई घिसरी अंदर. जित्ता चलाएंगे उत्ता खराब होगी." त्यानं डिस्क हळूच खाली ठेवली. "क्या था इसमें?"

हिम्मतराव त्या स्टुलावर बसले. तेच स्टूल. "मेरी घरवाली का आवाज था," ते म्हणाले. "आपरेशन के पहले का."

एका गिऱ्हाइकानं बाहेरून काहीतरी विचारलं, त्याला मोइननं हातानंच थांबवलं. आपण एका तासात करून देतो म्हणालो होतो, हे त्याला आठवत होतं. हिम्मतरावांनाही आठवत होतं. दोघांनीही ते काढलं नाही.

"चेन्नई में एक लोगाँ हैं," शेवटी मोइन म्हणाला. "डिस्क खोलके निकालते. मिला तो मिला. खर्चा बहोत लेते साब, मैं पूछके बताऊँ?"

"पूछो नक्को," हिम्मतराव म्हणाले. "भेज देव."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भाव न विचारता काही केलं. पण हे वरातीमागून घोडं होतं.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. डिस्क आणि एक छापील चिठ्ठी. आतल्या तबकडीवर खोल चरे पडले आहेत, काहीही मिळू शकलं नाही.

हिम्मतरावांनी ते पाकीट बाईंसमोर ठेवलं. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, हात पुसले आणि पाटी ओढली. लिहायला वेळ लागला नाही.

'तिसरं कोटेशन आलं का?'

त्यांनी पाटी हिम्मतरावांपुढं धरली. नीट वाचून होईपर्यंत धरली. मग पदरानं पुसली आणि पुन्हा तांदूळ पुढं ओढले.

"जयवंता," हिम्मतराव म्हणाले. "चुकलं माझं. तो पोरगा म्हणत होता एका तासात करून देतो. मला वाटलं, परक्याच्या मशीनीत तुझा आवाज कशाला. मला वाटलं, चांगला रायटर घ्यावा." ते बाईंसमोर खाली बसले. "तुला शिव्या तरी देता यायला पाहिजे होत्या मला."

बाईंनी वर बघितलं नाही. त्या दिवसानंतर पाटी दाराआडच्या खिळ्याला टांगलेली राहिली. जिला आवाजच नाही तिनं अबोला धरला तर तो मोडायचा कसा? हिम्मतराव चहा करून देत, बाई पीत. जेवायला वाढलं की ताटावर वाटी वाजे. फिरून येताना हिम्मतराव दारात थबकत आणि खिळ्याकडं बघत. पाटी तिथंच असे.

मोइन एका रविवारी स्वतः घरी आला, नवी डिस्क आणि तो रायटर बसवून गेला. पैसे घेतले नाहीत. तपासायला म्हणून त्यानं एक कोरी चकती घालून कसलीशी गाणी उतरवली. रायटर उत्तम चालला, एकदाही अडखळला नाही.

"एकदम फस्ट क्लास है साब," तो निघताना म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

डिसेंबरच्या अखेरीस सकाळी बंगळूरहून, ऋचाच्या सासरहून फोन आला. हिम्मतरावांनी घेतला. ऋचाला मुलगी झाली होती. पहाटे झाली, सुखरूप, तीन किलो.

"बाबा, आईला द्या ना," ऋचा म्हणाली. आवाज थकलेला होता. "आणि ती डीव्हीडी कधी पाठवता? आदित्य म्हणत होता मामानं सगळं मस्त फाइल करून ठेवलं असेल."

तिला अजून सांगितलं नव्हतं. दिवस भरत आलेत, मग सांगू, असं हिम्मतरावांनी एकट्यानंच ठरवलं होतं, कारण विचारायचं कुणाला?

"ऋचा, ते," ते म्हणाले. "बाळा, ते राहिलं नाही. डिस्क गेली. माझ्यामुळं गेली. मी उशीर केला."

मग लांबून, दवाखान्याच्या खोलीतून, एक बारीक रडणं ऐकू यायला लागलं. पोर रडत होती.

बाई केव्हाच येऊन शेजारी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी रिसीव्हर हिम्मतरावांच्या हातातून काढून घेतला आणि कानाला लावला. ते रडणं ऐकताना त्यांचा गळ्यावरचा रुमाल श्वासाबरोबर आतबाहेर होत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आई?" ऋचा म्हणाली. शेजारी उभ्या हिम्मतरावांनाही ते ऐकू आलं. "आई, तू आहेस? मी फोन तिच्या कानाला लावते हं."

बाईंनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. हातातली काचेची बांगडी मागं सरकवली, सोन्याची पाटली पुढं घेतली, आणि टेबलाच्या कडेवर वाजवली. ठक. ठक. ठक.

पोर रडायची थांबली. तिकडं ऋचानंही श्वास रोखून धरला असावा, कारण फोनमधून काहीच येईना. हिम्मतराव भिंतीला टेकून उभे होते. तिसरा ठोका झाल्यावर पुढं काय येतं हे आई, बाप, लेक तिघांनाही पाठ होतं, आणि तिघंही तसेच थांबून राहिले.